घडीचा बाओ

सिलिमा पांडूला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. जेचा वुआईच्या ओट्यावर चारचौघांत कोणीतरी त्याला उस्ताद म्हणावं. बाकी त्याचं बरं चाललं होतं. सायकल होती, सुबिरासारखी खमकी बायको होती, किनाऱ्यावरच्या बायकांकडून ऑक्टोपस घेऊन शहरातल्या हॉटेलांत पोचवायचा धंदा होता. पण माणसाला जे मिळतं ते नको असतं आणि जे नाही त्यासाठी तो रात्रंदिवस जळत असतो. सिलिमा तर गवताच्या गंजीसारखा जळायचा.

मी कॉफीवाला. नाव फाकी, पण ते माझी आई गेल्यापासून कोणी घेतलेलं नाही. ‘ए कॉफी!’ एवढीच हाक. पितळी किटली, खाली निखारे, आणि दुसऱ्या हातात कपांचा खुळखुळाट. उफुक्वेनीतल्या सगळ्या गड्यांची अक्कल मी रोज दुपारच्या नमाजानंतर त्या ओट्यावर ऐकतो. त्यांच्या तोंडात कॉफी असते तेवढा वेळच ती सहन होते.

तर जेचाचा ओटा. त्याच्या घराच्या पुढच्या भिंतीला लागून दगडी ओटा, ओट्यावर खिडकी, आणि खिडकीच्या बरोब्बर खाली बाओ, म्हणजे आमच्या सागरगोट्यांच्या खेळाचा पट. आंब्याच्या एका ओंडक्यातून कोरलेला. चार रांगा, दर रांगेत आठ खळगे, शेकडो हातांनी घासून गुळगुळीत झालेले. ज्याच्या त्याच्या पुढच्या रांगेतला मोठा खळगा म्हणजे त्याचं ‘घर’. हलवायचा तर दोन तगडे गडी लागतात, आणि आमच्याकडे तगडे गडी ओट्यावर बसलेले असतात, उठत नाहीत. त्यामुळे बाओ कधी हललाच नाही.

जेचा हा गावचा उस्ताद. वाळक्या बोंबलासारखा माणूस, पण बाओसमोर बसला की सुलतान. त्याची एक लकब होती. चाल खेळण्याआधी तो उजव्या हाताचं बोट रांगेवरून हळूहळू फिरवायचा. या खळग्यावरून त्या खळग्यावर, परत मागे, डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित कलती. मग बोट एका जागी थांबायचं, खाली उतरायचं, आणि समोरच्याची पुढची रांग उजाड व्हायची. हे बोट इतकं गाजलं की गावातली पोरं बोट फिरवायला शिकली. चाल कळो न कळो, बोट आधी. आमच्या मशिदीशेजारचा दुकानदार तर साबण विकत देतानाही फळीवरून बोट फिरवून डोळे मिटायला लागला. मी म्हटलं, ‘अरे, एकाच जातीचा साबण आहे तुझ्याकडे, उस्तादगिरी कसली करतोस?’

सिलिमाही बोट फिरवायचा. पण त्याचं बोट जिथे उतरायचं तिथे नेमका खड्डा असायचा, बाओतला नव्हे, त्याच्या नशिबातला. जेचा त्याला नुसता हरवायचा नाही, हातातच मारायचा. म्हणजे काय, की डावाच्या सुरुवातीला आपले बरेचसे सागरगोटे हातात असतात, ते एकेक करून पटावर उतरवायचे. ते हातात शिल्लक असतानाच ज्याची पुढची रांग रिकामी होते, त्याच्या हरण्याला दुप्पट हसतात. सिलिमा मूठभर गोटे घेऊन बसलेला आणि समोर रांगेत शुकशुकाट, हे दृश्य ओट्यावर इतकं सवयीचं झालं होतं की कोणी विचारायचं, ‘सिलिमा, ते गोटे घरी भाजीला नेणार का?’

‘वहिनींना द्या ना, खोबऱ्यात घालतील,’ दुसरा म्हणायचा, आणि सगळे खिडकीकडे बघून हसायचे.

कारण खिडकीआड जेचाची बायको मिझे सतत नारळ खवत असायची. खर्र खर्र, खर्र खर्र. त्या घरात जेवढं खोबरं खवलं गेलं त्यात चार लग्नं उठली असती. तरी जेचा काटकुळाच. तिच्या नणंदेनं तर गावभर केलं होतं की ही बया चोरून तेल काढून विकते.

एकदा सिलिमा असाच हातात मेला आणि तडकला. ‘इथे सगळे कावळ्यासारखे कोकलता म्हणून मी हरतो. बाहेर खेळा माझ्याशी!’

‘नाचता येईना, अंगण वाकडं,’ जेचा म्हणाला. ‘बाओ माणसाच्या मागे हिंडत नसतो, बाळा. माणसानं बाओकडे यायचं असतं.’

‘वा!’ ओटा म्हणाला. जेचा जे काही म्हणायचा त्याला ओटा ‘वा’ म्हणायचा.

सिलिमा घरी गेला आणि फुटक्या होडीच्या फळ्या काढून बसला. सुबिराची लोखंडी पळी चुलीत लाल करून त्यानं फळ्यांना खळगे पाडले. घर धुरानं भरलं, पळी वाकडी झाली, सुबिरानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण बाओ झाला. दोन तुकडे, मध्ये जुन्या शिडाच्या कापडाची पट्टी डिंकानं चिकटवलेली, कारण लोखंडी बिजागरी समुद्राच्या वाऱ्यात चार महिन्यांत कुजते. घडी घातली की पेटीएवढा, वरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा. सागरगोटे बारीक निवडलेले, सुबिराच्या अंगावर गुंडाळायच्या फाटक्या कांग्यातून शिवलेल्या थैलीत. खरं सांगतो, वस्तू देखणी होती. नुसता ऑक्टोपसचा वास सोडला तर.

आणि मग हा माणूस सुटला! सायकलच्या मागे बाओ, पुढे टोपलीत ऑक्टोपस. मोटारीच्या थांब्यावर बाओ, पुलाच्या कठड्यावर बाओ, दवाखान्याच्या रांगेत बाओ. दवाखान्यात एक माणूस पोट धरून आला होता, त्याचा नंबर आला तर म्हणतो, ‘पुढच्याला सोडा, माझं घर धोक्यात आहे.’ एका गावात नवरामुलगा वरातीआधी ‘एकच डाव’ म्हणून बसला, आणि काझी त्याला शोधत आला तो स्वतःच मांडी घालून बसला. शहरातल्या एका कचेरीत तर साहेबांना भेटायला गेलेल्या लोकांना साहेबच सापडेनात. साहेब जिन्याखाली सिलिमासमोर बोट फिरवत होते. आणि नवल म्हणजे बाहेर सिलिमा जिंकायचा. रोज चार तऱ्हेच्या माणसांशी खेळून त्याचा हात खरोखर बसत चालला होता. एवढं मात्र मान्य करायला हवं. ऑक्टोपस शहरात उशिरा पोचायचे ते वेगळं.

पण गावात येऊन सांगावं तर ओटा म्हणायचा, ‘बाहेरची गाढवं मारलीस, त्यात काय मोठं?’

‘मग उस्तादांनी एकदा माझ्या पटावर यावं.’

‘त्या मासळीच्या पेटीवर?’ जेचा नाकाला रुमाल लावायचा. ‘मी इथला. माझा बाओ इथला. मी इथून हलणार नाही.’

‘वा!’ ओटा म्हणायचा. काय तत्त्वाचा माणूस!

तत्त्वं माणसाला ओट्यावर धरून ठेवतात, मयत मात्र उठवतंच. मिकोकोनी गावात जेचाचा मामेभाऊ वारला. भरपूर जगून, भरपूर भांडून गेलेला म्हातारा. सगळं गाव ट्रकमध्ये बसून गेलं, मीही किटली घेऊन गेलो. दुःखात माणसाला कॉफी जास्त लागते. दफन झालं, आणि रीतीप्रमाणे पुरुष तीन दिवस मांडवात बसले, बायका मागच्या अंगणात भाताच्या तयारीला लागल्या. पहिला दिवस रडण्यात गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी मयताच्या आठवणी संपल्या. दुपारी लोक एकमेकांच्या चपला बघायला लागले.

सिलिमानं खाकरून म्हटलं, ‘सायकलला बाओ आहे. म्हाताऱ्याला आवडायचा म्हणतात.’

मयताचा थोरला मुलगा म्हणाला, ‘बाबांचा जीव होता त्यात. आणा. आणि जेचाकाका आहेतच की! काका, बाबांच्या नावानं एक डाव.’

चार गावांची माणसं जेचाकडे वळली. जेचाचा चेहरा तेव्हाच पांढरा पडला होता, मला वाटलं भावाच्या दुःखानं. ‘माझं मन नाही,’ तो म्हणाला. ‘पाठ दुखते,’ म्हणाला. ‘मी फक्त माझ्या…’ पुढचं कोणी ऐकलं नाही. त्याला दंडाला धरून चटईवर बसवला.

सिलिमानं पट्टा सोडला, घडी उघडली, गोटे मांडले. बिचाऱ्यानं यासाठीच तर पळी वाकडी केली होती.

पहिल्या चाली दोघांच्याही बऱ्या गेल्या. मग जेचानं बोट उचललं. रांगेवरून फिरवलं. मान कलती केली. आणि बोट फिरतच राहिलं. मागच्या अंगणात शंभर माणसांच्या भाताला नारळ खवले जात होते. खर्र खर्र, खर्र खर्र, एक खवणी थांबली की दुसरी सुरू, दोन थांबल्या की पाच सुरू. जेचाचं बोट एका खळग्यावर आलं, थबकलं, उतरायला लागलं, परत उचललं. दुसरीकडे धावलं. कपाळावर घाम. एक खवणी थांबली तसा त्यानं घाईघाईनं भलताच खळगा उचलला, आणि स्वतःच्याच घराचं दार सिलिमाला उघडून दिलं.

‘हे काय केलंत, उस्ताद?’ कोणीतरी कळवळलं.

‘खोल चाल असेल,’ दुसरा म्हणाला. ‘आपल्याला नाही कळायची.’

पुढच्या चालीला तेच. त्याच्या पुढच्याला तर जेचा उभाच राहिला आणि मागच्या अंगणाकडे तोंड करून ओरडला, ‘अगं, एकेक जणी खवा की गं! सगळ्या मिळून माझा जीव घेता का?’

मयताच्या मुलानं डोळे पुसले. ‘फार जीव होता हो काकांचा बाबांवर. डोक्यावर परिणाम झालाय.’

जेचा हातात मेला. मूठभर गोटे घेऊन रिकाम्या रांगेकडे बघत बसला. आणि चार गावांच्या माणसांनी, मयताच्या मांडवात बसलोय हे विसरून, आरोळी ठोकली, ‘सिलिमा उस्ताद!’ सिलिमा हुंदके देऊन रडायला लागला. बायकांना वाटलं, किती माणुसकीचा माणूस.

गावात परतल्यावर सिलिमाची चाल बदलली. सायकल हातात धरून चालायचा, म्हणजे लोकांना सलाम करायला वेळ मिळावा. ओटा त्याला ‘वा’ म्हणायला लागला. ओट्याला काय, कोणालातरी म्हणायचं असतं. पण शुक्रवारी नमाजानंतर जेचा तरतरीत होऊन बसला होता. ‘दुखवटा संपला,’ म्हणाला. ‘आता गावच्या बाओवर या, उस्ताद. बघू द्या आम्हालाही.’

सगळं गाव लोटलं. मी किटली खाली ठेवलीच नाही. खिडकीआड खर्र खर्र सुरू झालं. जेचाचं बोट फिरलं, मान कलली. खवणी थांबली. बोट उतरलं. सिलिमाची अर्धी रांग साफ.

यापूर्वी सिलिमा नेहमी जेचाच्या बोटाकडे बघत आला होता, सगळं गावच बघत आलं होतं. त्या दिवशी का कोण जाणे, तो जेचाच्या कानाकडे बघायला लागला. खर्र खर्र. खर्र खर्र. थांबलं. बोट उतरलं. सिलिमानं हळूच मान वर केली. खिडकीच्या लाकडी जाळीतून एक डोळा पटावर लागला होता.

मी त्याच्या समोरच उभा होतो. त्याचा चेहरा मी पाहिला. आधी त्याला हसू आलं, मग ते हसू मावळलं. कारण अडचण तुमच्या लक्षात येते ना? ओरडून सांगावं की हा उस्ताद बायकोच्या खवणीवर खेळतो, तर मग मिकोकोनीत सिलिमानं हरवलं कोणाला? ज्याला गोटा कशाशी खातात ते ठाऊक नाही, त्याला! त्याची उस्तादकी त्याच क्षणी पाण्यात. आणि गप्प बसावं तर ही खिडकी आता त्याला हातातच मारणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

‘आई गं!’ सिलिमा पोट धरून उठला. ‘कळ आली! डाव राहू द्या!’

लोक हळहळले. तो घराला वळसा घालून मागे धावला. मला किटलीला पाणी हवंच होतं आणि विहीर जेचाच्या मागच्या अंगणात आहे, म्हणून मीही गेलो. पाणी काय, नंतरही भरता आलं असतं. पण अशा वेळी तहान लागतेच.

मिझे खवणीवरून उठत होती. सिलिमा दारातच उभा. घडीचा बाओ काखेत.

‘वहिनी,’ तो म्हणाला, ‘तुम्ही?’

मिझेनं माझ्याकडे पाहिलं. ‘ए कॉफी, तुझं तोंड बंद राहणार का?’

‘अळीमिळी गुपचिळी,’ मी म्हटलं.

‘मग ऐका दोघे. माझा बाप पेंबा बेटावरचा उस्ताद होता. मी त्याच्या मांडीला टेकून शिकले, मोठी झाले तसं आत बसवलं. लग्न झालं तर हा रोज ओट्यावर हरून यायचा आणि रात्रभर उशीत तोंड घालून कण्हायचा. मला झोप येईना. म्हटलं, जिंकू दे मेल्याला आणि मला झोपू दे. एवढीच गोष्ट.’

‘आणि डावीकडून जायचं की उजवीकडून?’ सिलिमानं विचारलं. बघा, एवढ्या धक्क्यात माणसाला शंका काय आली ती!

‘वाटीवर टकटक. एकदा डावं, दोनदा उजवं. तुम्ही सगळे बोटाकडे बघता, कान कोणाला आहेत?’ ती त्याच्या काखेतल्या पेटीकडे बघत होती. ‘उघड ते.’

त्यानं अंगणात चटईवर बाओ उघडला. तिनं हात पदराला पुसले, थैलीत घातले आणि मूठभर सागरगोटे वर काढून नुसते धरून बसली. बराच वेळ. ‘लग्नानंतर हात लावला नव्हता,’ ती म्हणाली. ‘खिडकीतून हात थोडाच पोचतो? आणि तो ओंडका दारातून आत येत नाही.’

मग खेळली. तिनं बोट फिरवलं नाही. हात सरळ खळग्यात जायचा, उचलायचा, पेरत जायचा. सिलिमा घामाघूम झाला, पण खेळला जीव लावून. थांब्यांवर आणि पुलांवर शिकलेलं सगळं काढलं त्यानं. तरी हातातच मेला.

‘आता सौदा,’ मिझे म्हणाली. ‘बाहेर तू उस्ताद राहा. एका शुक्रवारी तुला जिंकवीन, एका शुक्रवारी त्याला. त्याला मी सांगते, नाही म्हणायची छाती नाही त्याची. पण ही पेटी इथे राहील.’

‘घ्या,’ सिलिमा म्हणाला. मग खाली बघत पुटपुटला, ‘वहिनी, पण तुम्हाला कळतं. तुम्ही एकदा म्हणाल का मला? उस्ताद?’

‘नाही,’ मिझे म्हणाली, आणि गोटे गोळा करायला लागली.

त्याला सहा-सात महिने झाले. ओट्यावर आता दोन उस्ताद आहेत. दोघेही बोट फिरवतात, एक जिंकतो, पुढच्या खेपेला दुसरा, आणि लांबलांबची माणसं ही झुंज बघायला येतात. ‘दोन सिंह आहेत आमच्याकडे,’ ओटा सांगतो. ‘वा!’ ऑक्टोपस वेळेवर पोचायला लागलेत, हॉटेलवाले खूश आहेत. गावातल्या बायका हल्ली दुपारी नारळ घेऊन मिझेकडे जातात, सगळ्यांना एकदम तिच्याकडूनच खवून घ्यायचा असतो म्हणे. घरोघरी भात उशिरा होतो आणि का ते पुरुषांना कळत नाही.

काल मी पाणी भरायला गेलो तर अंगणात घडीचा बाओ मांडलेला. एका बाजूला मिझे, दुसऱ्या बाजूला सुबिरा, दोघी-तिघी बघायला टेकलेल्या. हरेल त्यानं तांदूळ निवडायचे असा तिथला नियम. भिंतीशी सूप घेऊन चार गावांचा उस्ताद सिलिमा पांडू तांदळातले खडे वेचत बसला होता.

बाहेरून जेचाची हाक आली, ‘सिलिमा उस्ताद! अहो, शहरातून पाहुणे आलेत तुम्हाला बघायला!’

‘जा की,’ सुबिरा म्हणाली. ‘तुझीच वाट बघतायत.’

‘माझा डाव यायचाय अजून,’ सिलिमा म्हणाला.

मिझेनं गोटे पेरत पेरत, पटावरची नजर न काढता म्हटलं, ‘परवा शेवटी घर न सोडता उजवीकडून आलास ना, ते बरं खेळलास. मला सुचलं नव्हतं.’

सिलिमाचा हात सुपातच राहिला. डोळे भरून आले तसा तो खाली वाकला आणि खडा समजून चांगला तांदूळ वेचून फेकायला लागला. बाहेर ‘उस्ताद! उस्ताद!’ चाललंच होतं. मी म्हटलं, ‘अरे, ते घसा फोडतायत.’

‘कोण?’ सिलिमा म्हणाला.